सूचना: मामा गेले, रविवारचा प्लॅन बदललाय

मंडळी, आतकरवाडीच्या पायथ्याचे आपले हॉटेलवाले मामा काल पहाटे गेले, चहाचं आधण ठेवतानाच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अजून खरं वाटत नाहीये. गेल्या रविवारी तर सिंहगड उतरून आलो तेव्हा स्वतःच्या हाताने पिठलं वाढत होते, भाकरी नको म्हटलं तरी ताटात पडायचीच. नवीन कोणी आलं की चहा उकळेपर्यंत ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र सांगायचे, तानाजी पडले इथपर्यंत आलं की आवाज जड व्हायचा, दरवेळी.

तर या रविवारी गड चढायचा नाही. सकाळी साडेसहाला सगळ्यांनी हॉटेलसमोर जमा, पाच मिनिटं शांत उभं राहू आणि मामींना भेटून निघू. गाड्या रस्त्यात लावू नका, आणि प्लीज तिथे फोटो काढू नका.

महत्त्वाचं म्हणजे उधारी. सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी देतो असं म्हणून आपण सगळेच कधी ना कधी निघालोय आणि मामांनी कधी वही काढून दाखवली नाही. ज्याला जे आठवतंय ते त्याने दशक्रियेच्या आत पोचवा, आठवत नसेल तर अंदाजाने जास्तच द्या. पाकिटावर नाव नको, मदत म्हणून मामी घेणार नाहीत, उधारी म्हणून घेतील.

येणाऱ्यांनी खाली फक्त नाव टाका.