स्टेल्थ म्हणजे नुसतं कोटिंग नव्हे

रविवारच्या पुरवणीतला स्टेल्थ फायटरवरचा, म्हणजे रडारला सहज न सापडणाऱ्या लढाऊ विमानावरचा लेख वाचला, छान आहे, पण सगळं श्रेय रडार शोषणाऱ्या कोटिंगला दिलंय ते काही पटलं नाही. कोटिंग लागतंच, पण मोठं काम आकार करतो, रडारची लाट आली तिकडे परत न पाठवता भलतीकडेच वळवतो. एफ-२२ या अमेरिकन स्टेल्थ फायटरचा फोटो झूम करून बघा, पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा समांतर, चाकांच्या दारांच्या कडासुद्धा करवतीच्या दातांसारख्या, आणि इंजिनाकडे हवा नेणारा मार्ग मुद्दाम वाकडा, कारण समोरून फॅनची पाती दिसली की रडारला आयतंच सापडतं. त्याआधीचं अमेरिकन स्टेल्थ विमान एफ-११७ तर सगळं सपाट तुकड्यांचं, कारण तेव्हाच्या कॉम्प्युटरला गोलाईचं गणित झेपत नव्हतं, आणि त्यापायी ते इतकं अस्थिर झालं की फ्लाय-बाय-वायरशिवाय, म्हणजे विमान स्थिर ठेवणाऱ्या कॉम्प्युटरशिवाय पायलटला सांभाळताच आलं नसतं. एरोडायनॅमिक्सशी, म्हणजे हवेत नीट उडण्याच्या गणिताशी केलेली ही तडजोड लेखात यायलाच हवी होती. आणि हो, स्टेल्थ असलं की रडारवर काहीच येत नाही असंही नाही, १९९९ मध्ये सर्बियात हेच एफ-११७ जुन्या सोव्हिएत मिसाईलने पाडलं होतं.

– एक वाचक