वास येतोय ना?

चि. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू सांगून गेलीस, बायोगॅसच्या टाकीतलं सॅम्पल काढताना चक्कर आली म्हणून. आणि लगेच आंब्याच्या मोहोराची चौकशी केलीस. रात्री दोनदा उठून मी मोबाईल बघितला.

तुझ्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ, न् नेपियर गवतापासून गॅस, उरलेली रबडी परत उसाला. आपल्या परड्यातल्या गोबरगॅसमध्ये तेच तर होतं. पाच जनावरांचं पन्नास किलो शेण, तेवढंच पाणी, हाताने गुठळ्या फोडून मी हौदात सोडायचे. लोखंडी टोपी वर आली, की दोन्ही वेळचा स्वयंपाक निघायचा. ती किती वर आली याची तू खडूने रेघ मारायचीस. थंडीत गॅस कमी झाला, टोपी रेघेपर्यंत येईना, तेव्हा गोधडी घेऊन निघाली होतीस, हौदाला पांघरायला.

पण तू टाकीत उतरत नाहीस ना? तूच शिकवलंस मला, हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण गॅस वाढला की नाकच मरतं, वास यायचा थांबतो. म्हणून दर फोनला विचारते, वास येतोय ना? तुला हसू येतं.

सातवीत नानांनी तुला फलटणला निंबकरांच्या संस्थेत नेलं. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल, त्यावर पेटणारा कंदील. येताना एसटीत तू तेवढंच बोलत होतीस म्हणे. त्याच संस्थेतले राजवंशी सर १९८१ साली अमेरिका सोडून फलटणला आले, हे नाना आल्यागेल्याला सांगतात. आणि लगोलग, 'आमची ताईपण त्यातलीच.' तुझ्यासमोर नाही म्हणणार. पाचट पेटवलं म्हणून तू त्यांच्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस. यंदाही खोडव्यात पाचट सरीत दाबलंय. काडी लावू दिली नाही कुणाला.

पलीकडच्या वाडीतलं आठवतं ना? हौद साफ करायला धाकटा उतरला, त्याला काढायला थोरला. दोघंही वर आले नाहीत. त्यांच्या आईला मी धरून बसले होते. कुणी आत पडलं तरी एकदम उडी घ्यायची नाही. आधी पंखा लावून हवा सोडायची, गॅस मोजायचा मीटर लावायचा, कमरेला दोर, वर माणूस उभा. साहेब घाई करत असतील तर सरळ नाही म्हणायचं. प्रोजेक्ट तीन वर्षांचं आहे, जीव...

बघ, लागले शिकवायला. तू डॉक्टरेट केलेली, आणि मी शेण कालवलेली बाई. रागावू नकोस. बँकेचा फॉर्म भर म्हणून मागे लागले होते, तेही मनातून काढून टाक.

मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. डबा मिळाला की कळव. आणि कोटाला मीटर अडकवलेला तुझा एक फोटो पाठव, आकडा दिसेल असा.

तुझी
आई