शीटचा नंबर बोटाने मोजू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्याचे तालुके १५. त्यामुळे इथल्या बहुतेक जिल्हास्तरीय एक्सेल फाइलींचा साचा ठरलेला: पुढे गोषवारा, मागे इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत अकारविल्हे १५ शीट. फाइल पाठवताना निरोप जातो, "दहावं शीट बघा." म्हणजे निफाड. पण गोषवाऱ्यामागे कुणी 'दर' नावाचे शीट लपवून ठेवले असेल, तर बोटाने मोजून दहावे येणारे निफाड एक्सेलच्या लेखी अकरावे असते. मॅक्रोला, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप कामे करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, दहावे शीट सांगितले की तो नाशिक तालुका उचलतो आणि कुठेही चूक दाखवत नाही.

शीटचा खरा क्रमांक काढायला एक्सेल २०१३ पासून 'शीट' हे फंक्शन आहे. बरोबरचे चिन्ह, इंग्रजीत शीट आणि रिकामा कंस, एवढे लिहिले की सूत्र ज्या शीटवर आहे त्याचा क्रमांक मिळतो. दुसऱ्या शीटचा हवा असेल तर कंसात असताना त्या शीटवरच्या कुठल्याही चौकटीवर क्लिक करावे. 'शीट्स' हे जोडीचे फंक्शन एकूण संख्या सांगते. खाली टॅब १६ दिसतात आणि हे १७ म्हणते, तर एक शीट लपलेले आहे. टॅबवर राइट क्लिक करून अनहाइडमध्ये ते दिसते. तिथेही नसेल तर मॅक्रोच्या खिडकीतून ते पक्के लपवलेले असते. २०१० किंवा त्याआधीच्या एक्सेलमध्ये ही दोन्ही फंक्शन नाहीत, तिथे 'नेम' ही चूक येते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मात्र आहेत.

फसगत होते ती नावाने शोधताना. कंसात दुहेरी अवतरणात "निफाड" लिहिले तर चालते, पण नाव अक्षरशः जुळावे लागते. टॅबवर 'त्र्यंबक' आणि सूत्रात 'त्र्यंबकेश्वर', किंवा टॅबच्या नावाअखेर एक चुकार स्पेस, की 'एन/ए' (सापडले नाही) ही चूक आलीच. दुसरी चूक दिसतही नाही. बी२ मध्ये तालुक्याचे नाव आहे म्हणून कंसात नुसते बी२ दिले, तर एक्सेल त्या नावाचे शीट शोधत नाही. बी२ ज्या शीटवर आहे त्याचाच क्रमांक देते. यादी पहिल्या शीटवर, गोषवाऱ्यात असेल, तर सूत्र खाली ओढले की सगळीकडे १! बी२ पुढे अँपरसँड (&) आणि रिकामी दुहेरी अवतरणे जोडली की ते मजकूर ठरते आणि शोध नीट होतो.

शीटच्या जागेला एवढे महत्त्व का, तर बेरजेमुळे. गोषवाऱ्यातील 'इगतपुरी ते सुरगाणा' अशी सलग बेरीज नावे वाचत नाही, त्या दोन टॅबांच्या मध्ये जे जे आहे, लपलेलेसुद्धा, ते मिळवते. कुणी सोयीसाठी निफाडचा टॅब ओढून इगतपुरीच्या डावीकडे ठेवला, की लासलगाव-पिंपळगावचा कांदा जिल्ह्याच्या बेरजेतून गुपचूप बाहेर. उलट राखीव प्रत म्हणून 'निफाड (२)' मध्येच राहिली तर तोच कांदा दोनदा. त्यावर एक साधी चौकट पुरते: 'शीट्स' फंक्शनच्या कंसात तीच सलग व्याप्ती द्यावी. उत्तर १५ नसेल तर आकडा पुढे पाठवू नये. मात्र एक शीट बाहेर आणि एक आगंतुक आत असले तरी उत्तर १५च येते, तेव्हा टॅबांवर नजर टाकावीच. रिव्ह्यूमधील प्रोटेक्ट वर्कबुकने रचना कुलूपबंद केली तर टॅब हलवणे, पुसणे, नाव बदलणे सगळेच थांबते. हे कुलूप फारच कमी जण लावतात.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी एवढेच: 'इंडेक्स' हा शीटचा जागाक्रमांक चार्टची स्वतंत्र शीटही धरून असतो, म्हणून तो मॅक्रोतील 'वर्कशीट्स' या यादीला नव्हे, 'शीट्स' या यादीला द्यावा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून एक्सेल फाइली हाताळणाऱ्या ओपनपायएक्सएलमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, तिथे पहिले शीट शून्यावे.

जिल्हा पातळीवर तक्ते मागवणाऱ्या कार्यालयांना विनंती, की पत्रात 'शीट क्र. १०' असे न लिहिता 'निफाड' असे टॅबवरचे नाव लिहावे, आणि फाइल पाठवण्याआधी लपवलेली शीट उघडी करावीत.

आपला,
एक लेखापाल, नाशिक रोड