२००७ चा सीझन आणि १ डिसेंबरची ती रात्र

मा. संपादक,

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉल आलंच तर सुपर बोलपुरतं, म्हणजे व्यावसायिक लीगच्या फायनलपुरतं येतं, कॉलेज फुटबॉलला, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या टीमच्या मॅचना, चार ओळीपण मिळत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण २००७ चा सीझन ज्याने फॉलो केला तो माणूस अजून त्यातनं बाहेर आलेला नाही.

सुरुवातच बघा ना, १ सप्टेंबरला देशाच्या क्रमवारीत पाचव्या नंबरचं मिशिगन घरच्या मैदानावर लाखाच्या वर पब्लिकसमोर अ‍ॅपलाचियन स्टेटकडून ३४-३२ ने हरलं, आणि ही टीम वरच्या डिव्हिजनमधली नव्हतीच मुळी! शेवटच्या क्षणी मिशिगनचा फील्ड गोल (बॉल लाथेने गोलपोस्टमधनं मारायचा तो) ब्लॉक झाला आणि संपलं सगळं. मग ऑक्टोबरात स्टॅनफर्ड. आदल्या वर्षी १२ पैकी ११ मॅच हरलेली टीम, क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, सुरुवातीपासून खेळायचा पहिलाच सामना, आणि दुसऱ्या नंबरच्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) त्यांच्याच घरी २४-२३ ने हरवलं.

पण माझ्यासाठी खरी रात्र १ डिसेंबरची. पहिल्या नंबरचं मिझुरी आणि दुसऱ्या नंबरचं वेस्ट व्हर्जिनिया, दोघांनी फक्त जिंकायचं होतं की फायनल पक्की. मिझुरीला ओक्लाहोमाने ३८-१७ ने धुतलं, आणि वेस्ट व्हर्जिनिया ४ विजय ७ पराभव अशा पिट्सबर्गकडून १३-९ ने हरलं, घरच्या मैदानावर. मग सातव्या नंबरवर असलेलं एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ), दोन मॅच हरलेलं, त्याही दोन्ही तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात), ते एकदम दुसऱ्या नंबरवर आलं, फायनलला गेलं आणि न्यू ऑर्लिन्सला ओहायो स्टेटला ३८-२४ ने हरवून चॅम्पियन झालं.

तेव्हा क्रमवारीतल्या पहिल्या दोनच टीम थेट फायनलला जायच्या, म्हणून प्रत्येक शनिवारी जीव टांगणीला असायचा. आता प्लेऑफमध्ये, म्हणजे फायनलपर्यंतच्या बाद फेऱ्यांमध्ये, १२ टीम आहेत. २०२४ मध्ये ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरलं तरी शेवटी चॅम्पियन झालं. जास्त टीमना चान्स मिळतो हे बरोबरच आहे, वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या पोरांना तो मिळायला हवा होता असं मला आजही वाटतं, पण एका हारीने अख्खं वर्ष हातातनं जाण्याची ती धाकधूक मात्र गेली ती गेलीच.

तेवढ्या एका रात्रीवर तरी अर्धं पान द्या, ही मनापासून विनंती.

आपला नेहमीचा वाचक