‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

महोदय,

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांची चौकट आली आहे. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरे जोडून ‘न्यूज’ शब्द झाला, असे तीत छापले आहे. हे साफ चूक आहे. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचेच ते अनेकवचन. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, इतके सरळ. काही शतकांपूर्वी त्याचे स्पेलिंग ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असेही करीत. त्यात दिशांचा हिशेब बसतच नाही.

मी २९ वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. आता संध्याकाळी घरी चार मुले शिकायला येतात. त्यांतल्या सातवीतल्या मुलाने सोमवारी ती चौकट कापून, वहीत चिकटवून, भोवती लाल पेनाने महिरप काढून आणली होती. छापलेले ते खरेच, असे त्या वयात वाटते. ‘हे खरे नाही’ असे त्याला सांगताना जिवावर आले.

आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत रुळली ती मुख्यतः विसाव्या शतकात. ‘रडार’ १९४०च्या सुमारास तसा घडला. त्याहून जुन्या शब्दाचा कोणी फुल फॉर्म सांगू लागले, की आधी शब्दकोश काढावा. ‘पॉश’चे तसेच. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या बोटीत, जाता-येता सावलीच्या बाजूची केबिन मिळालेल्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे उमटवत, ही गोष्ट मीसुद्धा वर्गात सांगत असे. तसा शिक्का असलेले एकही तिकीट सापडलेले नाही, हे वाचल्यावर सांगणे सोडले.

त्या दिवशी मुलांपुढे कोश ठेवला आणि म्हटले, काढा हवा तो शब्द. एकीने ‘माँगूस’ काढला आणि ओरडलीच, ‘बाई, इथे मराठी लिहिलंय!’ आपले मुंगूस सतराव्या शतकात इंग्रजीत गेले. शेवटी ‘गूस’ आले ते केवळ कानाला तसे वाटले म्हणून. बदकाच्या जातीच्या त्या पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणूनच अनेकवचन ‘माँगूसेस’ होते, ‘माँगीस’ नव्हे. चौघेही त्या पानावर डोकी लावून बसले होते, घरी जायला उठेनात.

पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, तितक्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी आणि शेजारी मुंगसालाही जागा द्यावी. त्या मुलाने वहीत समोरचे पान कोरे ठेवले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा