सुहासला पत्र : पहिली रायफल कोणती घ्यावी?

बेंडिगो, रविवार

प्रिय सुहास,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ऑस्ट्रेलियात येऊन न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागाला जाऊन वर्ष होत नाही तोवर तू रायफल घ्यायला निघालास, हे इचलकरंजीत कुणाला सांगितलं तर आधी हसतील आणि मग फोटो मागतील. फोनवर बोलायला बसलो की आपल्याला फाटे फुटतात, म्हणून लिहूनच पाठवतोय.

दुकानदार तुला .३०८ घे म्हणतोय, म्हणजे जाड, दणकट काडतुसाची रायफल. घेऊ नकोस. निदान पहिली तरी नको.

तू कशावर नेम धरणार ते आधी बघ. तुझ्या ऑफिसातल्या त्या माणसाच्या शेतात ससे, कोल्हे, मोकाट बकऱ्या आणि कधीमधी डुकरं. म्हणजे बहुतेक सगळे बाहेरून आणून सोडलेले आणि मग माजलेले प्राणी. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने आमच्या व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेपायी दोन डझनभर ससे सोडले, त्याचे भोग हा देश अजून भोगतोय. त्यामुळे इथला शेतकरी तुला चहा पाजून बंदूक चालवायला बोलावतो. आपल्याकडे रानडुक्कर ऊस लोळवून गेलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ती सवय मनातून जायला वेळ लागतो.

या सगळ्याला .२२३, म्हणजे बारीक काडतुसाची रायफल पुरते. तिची काडतुसं .३०८ च्या जवळपास निम्म्या भावात मिळतात आणि धक्का नावालाच. .३०८ चा धक्का काही खांदा मोडत नाही, पण बाकावर बसून वीस-तीस गोळ्या झाडल्या की शरीर आधीच दचकायला लागतं. डोळा मिटतो, ट्रिगर हिसकला जातो, आणि एकदा लागलेली ही खोड काढायला फार दिवस जातात. नवशिक्याने भरपूर गोळ्या झाडाव्यात, आणि परवडतील तरच त्या झाडल्या जातात. डुकराचं म्हणशील तर शंभर मीटरच्या आत, आडवं उभं असताना, फुप्फुसावर, चांगल्या सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाच्या, आत फुलणाऱ्या) गोळीने मध्यम डुक्कर पडतं. मोठा वराह मात्र सोडून दे. त्याच्या खांद्यावर कातड्याखाली ढालीसारखा जाड थर असतो, आणि जखमी जनावर रानात हरवणं यासारखं वाईट काही नाही. उद्या सांबराच्या मागे माझ्याकडे आलास तर गोष्ट वेगळी. हो, आपलंच सांबर, इंग्रजांनी आणून सोडलेलं. त्याला व्हिक्टोरियाच्या नियमाने किमान .२७० ची रायफल आणि १३० ग्रेनची गोळी लागते (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). तेव्हा दुसरी रायफल बघू.

आता कोणती. सगळ्यात स्वस्त सॅव्हेज ॲक्सिस, तिच्या थोडी वर रुगर अमेरिकन. दोन्ही दामाच्या मानाने नेमाला खोटं बोलत नाहीत. दोघींचं दुखणं एकच, प्लॅस्टिकचा लेचापेचा स्टॉक, म्हणजे बॅरल ज्यात बसते तो दांडा. दुकानात स्वतः तपास. आधी बोल्ट (मागची सरकती कडी) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ते बघ (दुकानदाराने बघितलेलं असलं तरीही), मग बॅरल आणि स्टॉकच्या मध्ये दहा डॉलरची नोट सरकव. इथल्या नोटा प्लॅस्टिकच्या, या कामाला उत्तम. नोट चेंबरपर्यंत विनाअडथळा गेली पाहिजे. मग स्टॉकचं पुढचं टोक अंगठ्याने बॅरलकडे दाब आणि नोट पुन्हा ओढ. अडकली तर समज की बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा पोत्यावर रायफल टेकली की स्टॉक बॅरलला चिकटणार आणि गोळी भलतीकडे जाणार. रेंजवर लोक काडतुसांना शिव्या देतात, पण कित्येकदा भानगड इथे असते.

माझं मत होवा १५०० ला. जपानी, पोलाद भरपूर, ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि स्वच्छ. वेदरबी कंपनीची व्हॅनगार्ड रायफलही याच कारखान्यात बनते. आणि तुझ्यासाठी खास गोष्ट : ही कंपनी १९०७ साली तोयोदा नावाच्या उद्योजकाचा मागाचा कारखाना म्हणून सुरू झाली. इचलकरंजीच्या माणसाला याहून जास्त काय पटवायचं! खोट एकच, तिचा बोल्ट उघडायला पूर्ण ९० अंश वर उचलावा लागतो. स्कोप (वरची दुर्बीण) मोठा असेल तर बोटं त्याला घासतात. टिक्का टी३एक्स या महागड्या रायफलचा बोल्ट ७० अंशांत उघडतो, आणि सरकतो तर असा की हातातून सोडवत नाही. पण टिक्काला जे जास्तीचे पैसे पडतात, ते मी स्कोपला घालीन.

जुनी थ्री नॉट थ्री घ्यायचा मोह होईल. लिथगोच्या कारखान्यात बनलेल्या इथे अजून फिरतात, आणि आपल्या हवालदाराच्या खांद्यावर पाहिलेली ती बंदूक हातात आली की ऊर भरून येतो. पण काडतुसं महाग आणि स्कोप बसवायची कटकट. म्हातारपणी घे.

होवा घेताना ट्विस्ट विचार, म्हणजे बॅरलच्या आतले पीळ किती इंचांत एक फेरा घेतात ते. एकास बारा (बारा इंचांत एक फेरा) असेल तर ५५ ग्रेनच्या हलक्या गोळ्याच नीट जातील. कोल्ह्याला त्या चालतात, पण रेंजवर ३०० मीटरला ६९-७७ ग्रेनच्या लांब गोळ्या हव्यात आणि त्यांना एकास आठ लागतो. जाड बॅरल घेऊ नकोस. बाकावर छान वाटतं, पण दुपारभर खांद्यावर वागवलंस की मला शिव्या देशील. बारीक बॅरल लवकर तापतं, म्हणून तीन गोळ्या झाडायच्या आणि बोल्ट उघडा ठेवून थांबायचं. आधी २५ मीटरला कागदावर आण, मग १०० ला. तिथे तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात तीन गोळ्या बसल्या तर रायफल निर्दोष, पुढचं तुझ्याकडे. स्कोप साधा तीन-नऊ बाय चाळीस (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, चाळीस मिलिमीटर भिंगाचा) पुरे, फक्त बाजारातला सगळ्यात स्वस्त नको. तो धक्क्याने हलतो आणि तू रायफलवर संशय घेतोस.

सराव नुसता बसून करू नकोस. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतल्यापासून आपल्या ग्रुपवर सगळ्यांनाच रायफलमधलं कळायला लागलंय. ती .२२ ची वेगळीच रायफल. पण गुडघ्यावर, पालथं आणि उभं हे त्याचं तीन पोझिशनचं गणित शेतात तुझ्याही कामी येईल. तिथे बाक नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) .२२३ ही तुमच्या राज्यात लायसन्सच्या बी वर्गात येते. लायसन्सला कारण द्यावं लागतं, आणि स्वसंरक्षण हे कारण इथे धरत नाहीत. क्लबचं सभासदत्व, शेतमालकाची लेखी परवानगी असे कागद तयार ठेव. पहिल्या बंदुकीच्या परमिटला २८ दिवस थांबावंच लागतं. तिजोरी १५० किलोच्या आतली असेल तर भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की कर, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि किल्ली कुठे आहे हे वहिनींनाही कळता कामा नये, त्यांच्याकडे लायसन्स नाही. हे त्यांना तूच सांग, मी मध्ये पडत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी रजिस्ट्रीची (बंदुकांची नोंद ठेवणाऱ्या खात्याची) ताजी माहिती स्वतः वाच.

सायलेन्सर इथे सर्वसामान्यांना मिळत नाही, म्हणून कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही. डुक्कर किंवा बकरी सोलायला बसलास तर हातमोजे घालूनच. डुकरापासून ब्रुसेलोसिस, बकऱ्यांपासून क्यू ताप असे जंतूंचे आजार होतात, आणि ते महिनोन् महिने छळतात. मागे मातीचा चढ नसेल तर ट्रिगरला बोट लावायचं नाही, कितीही मोठं जनावर समोर असलं तरी.

आता तू मला दोन गोष्टी कळव. दुकानात होवा एकास आठची आहे का, आणि शेतातली डुकरं केवढी आहेत. शेतमालकाकडे फोटो असतील तर पाठव. त्यावर गोळी ठरवू.

वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
अवधूत