एकटीचे जेवण

अमळनेर

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, याची मनापासून लाज वाटते. माझी साखर आटोक्यात आहे, मायचे गुडघे तसेच. आज लिहायला बसलो ते एका सिनेमामुळे, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

परवा मुलीने आम्हा दोघांना २०१० सालचा ‘डेट नाइट’ लावून दिला. स्टीव्ह कॅरेल आणि टिना फे त्यात न्यू जर्सीतले नवरा-बायको आहेत. तो कराची कामे पाहणारा वकील, ती घरे विकून देणारी, आणि रात्री दोघेही थकलेले. मॅनहॅटनच्या नामांकित हॉटेलात जागा मिळेना म्हणून ते न आलेल्या दुसऱ्याच जोडप्याच्या नावावर टेबल घेतात आणि त्या नावापायी बंदूकवाले त्यांच्या मागे लागतात. दोन मोटारी तोंडाला तोंड अडकून तशाच धावू लागल्या, तेव्हा तुझी वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग त्या धावपळीतच तो तिला विचारतो, की तुझ्या मनात कधी दुसरा कोणी आला का. ती म्हणते, तसले काही नाही. कधीकधी एवढेच वाटते, की घरातून निघावे, हॉटेलच्या थंड, शांत खोलीत एकटीने बसावे आणि कोणी अंगाला हात न लावता आपले जेवण जेवावे. वहिनीचे हसू थांबले. पडद्यावरची नजर न काढता ती माहेरच्या बोलीत म्हणाली, “माले बी तसंच वाटस.”

मळ्यातल्या आपल्या भरिताच्या पंगती आठव. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत आपण गप्पा मारायचो, वीस पाने उठायची आणि शेवटी तुझी वहिनी गार भरीत नि उरलेली कळण्याची भाकरी घेऊन बसायची. तेव्हाही कोणी हाक मारली, की हातातला घास ठेवून उठायची. ११ वर्षांपूर्वी तू म्हणालास, “वहिनी जेवल्या का, एवढं तरी विचारत जा,” आणि त्यावरून मी ८ महिने तुझ्याशी अबोला धरला. तुझे खरे होते.

काल दुपारी मी तिचे ताट वाढून मागच्या खोलीत नेले आणि दार लोटून बाहेर बसलो. माय दोनदा तिला हाक मारत आली, तिला मी परतवले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा इतका निवांत होता, की मला धस्स झाले. तिला सुटका कामापासून हवी आहे, की माझ्यापासून? सिनेमातल्या दोघांना जीव वाचवण्यासाठी तरी एकमेकांचा हात धरावा लागला. आमच्या मागे कोणीच लागलेले नाही.

सुरतेच्या नव्या घराचे वाचून आनंद झाला, मुलाचा निकाल कळव. आमच्या वहिनींना तू हे कधी विचारले आहेस का? विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते पत्रातच लिही. फोनवरचे बोलणे इथे सगळ्या घराला ऐकू जाते.

तुझा,
दिगंबर